फळांचं दही की घरचं दही?

धाकट्या जावेने विचारलं, "ताई, मुलीला मधल्या वेळेला फळांचं दही देऊ की घरचं?" डब्यावरचं स्ट्रॉबेरीचं चित्र सोडा, मागचा तक्ता वाचा.

साखर: साध्या दह्यात १०० ग्रॅमला साधारण ४-५ ग्रॅम साखर असते, ती दुधाचीच. फळांच्या दह्यात हाच आकडा बऱ्याचदा १२-१४ असतो, म्हणजे जवळपास दोन चमचे वरून घातलेली. म्हणून 'एकूण साखर' आणि 'अ‍ॅडेड शुगर' या दोन्ही ओळी पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. साखर फळाच्या आधी आली, तर फळ तिच्याहून कमी. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप हीसुद्धा साखरच! आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका डब्याचा, तेही बघा. मी स्वतः इथेच कितीदा फसले.

खर्च: घरचं स्वस्त.

खटाटोप: विरजण लावायला पाच मिनिटं, पण दोन-तीन दिवसांत आंबट होतं. बंद डबा फ्रिजमध्ये जास्त टिकतो.

रोजच्या खाण्याला घरचं दही आणि त्यात केळं किंवा चिकू कुस्करून. प्रवासात, क्वचित, डबा चालेल. घरी विरजण जमत नसेल, तर विकतचं साधं दही घ्या.