आठ गुणिले बेचाळीस: पेंच-कऱ्हांडल्याच्या जंगलात दहा महिने वापरलेली दुर्बीण

२०२४ च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, साडेतेरा हजार रुपये मोजून मी ८×४२ ची दुर्बीण घेतली. त्याआधी वीस वर्षं आम्ही जंगलात जायचो ते असे: पहाटे चारला नागपूर सोडायचं, वाटेत तर्री-पोहे, सिल्लारीच्या गेटवर जिप्सीत बसायचं आणि बसल्या बसल्या गाईडला विचारायचं, "काल कुठे दिसला होता?" वाघ दिसला की सफारी वसूल. नाही दिसला की परतीच्या रस्त्यावर गाडीत कुणी बोलायचं नाही.

दहा महिन्यांत ही दुर्बीण पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर या नागपूरच्या आसपासच्या जंगलांत आणि असंख्य वेळा शहरालगतच्या गोरेवाड्याला जाऊन आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते या मापाच्या कुठल्याही बऱ्या दुर्बिणीला लागू पडेल.

आधी माप. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मला दुकानात दहापटीची घ्यायचा फार आग्रह झाला. दोन्ही हातात घेऊन रस्त्यापलीकडची पाटी वाचून पाहिली. दहापटीत अक्षरं मोठी दिसतात, पण हाताचा थरथराटही दहापट होतो. जिप्सीचं इंजिन बंद केलं तरी गाडीत सहा माणसं असतात, कुणीतरी हलतंच. शिवाय आठपटीत नजरेचा घेर मोठा मिळतो. सागाच्या पानांमागे उडालेला पक्षी पुन्हा सापडणं त्या घेरावर अवलंबून असतं.

पहिली दुर्बीण मला परत करावी लागली. दोन दिवस वापरली की कपाळ ठणकायचं. आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग गच्चीवरून दूरच्या देवळाचा कळस पाहिला, दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर लांब धरली, तेव्हा कळस दोन दिसले, एक किंचित वर, एक खाली. दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. डोळे बिचारे ती दोन चित्रं जुळवून घेत होते आणि डोकं दुखत होतं. दुकानात तीन चकरा मारल्यावर बदलून मिळाली. तुम्ही घ्याल तेव्हा ही परीक्षा दुकानाच्या दारातच करा. आणि चष्मा असेल तर रबरी कडा आत दाबून, चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का ते पाहा. उजव्या डोळ्याची वेगळी कडी असते, ती एकदा आपल्या डोळ्याला लावून घेतली की तिथे पांढऱ्या पेनाने खूण करून ठेवा. हे मला दोन महिन्यांनी सुचलं.

हिवाळा सगळा पक्ष्यांत गेला. उमरेड रस्त्यावरच्या तलावांवर चक्रवाक आणि तलवार बदकं येतात, हे ऐकून होते. पण काठावरून ते नुसते तपकिरी ठिपके दिसायचे. तलवार बदकाच्या मानेवरून डोक्याकडे जाणारी ती पांढरी रेघ मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिली. हरियाल, आपला राज्यपक्षी, तोही याच वर्षी नीट पाहिला. वडाच्या पानांत पंचवीस-तीस बसले होते आणि नुसत्या डोळ्यांना एकही दिसत नव्हता. एका फांदीवर दुर्बीण टेकवून ठेवली, तशी पानंच हलू लागली, मग पिवळे पाय दिसले.

डिसेंबरात सिल्लारीजवळ मुक्काम होता. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेलं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली, हे तुम्ही वाचलं असेल. रात्री साडेनऊला आम्ही अंगावर दोन-दोन शाली घेऊन अंगणात उभे. नुसत्या डोळ्यांना कृत्तिकांच्या सहा चांदण्या मोजता येतात. दुर्बिणीतून पाहिलं आणि मोजणंच थांबलं. त्या महिन्यात गुरू रोहिणीजवळ होता. कोपर गाडीच्या बॉनेटवर टेकवून श्वास रोखला, तर त्याच्या बाजूला अगदी बारीक तीन ठिपके, एका ओळीत. गुरूचे चंद्र. आईला दाखवले. ती चौऱ्याहत्तर वर्षांची. तिने खूप वेळ दुर्बीण सोडली नाही. मग म्हणाली, "एवढं वर्षानुवर्षं डोक्यावर होतं आणि आपण खाली मान घालून चाललो."

आता वाघ. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात, गोठणगावच्या बाजूला, एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवलं. ते चित्रीकरण सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. चालक-गाईडांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ते पाहताना मला लाज वाटली. "थोडं पुढे घ्या न भाऊ" हे वाक्य त्या चालकांना वर्षानुवर्षं कोण म्हणत आलं? आम्हीच. मीही म्हटलेलं आहे.

एप्रिलमध्ये कऱ्हांडल्याला गेलो, तेव्हा ऊन चढायला लागल्यावर एक वाघीण पाणवठ्यावर आली. आम्ही अडीचशे मीटरवर होतो. पुढे जागा होती, मागून हॉर्न नाही पण कुजबुज सुरू झाली. मी आमच्या चालकाला सांगितलं, "दादा, इथेच राहू द्या." अडीचशे मीटर भागिले आठ म्हणजे तीसेक मीटर. वाघीण पाठमोरी झाली आणि शेपटीकडून हळूहळू पाण्यात उतरली. तोंडावर पाणी नको म्हणून वाघ असे उलटे बसतात, हे गाईड नेहमी सांगतात. पण कानामागचे ते दोन पांढरे ठिपके, कानावर बसलेली माशी, ती झटकण्यासाठी कान हलणं, हे मी चाळीस मिनिटं पाहिलं. तिने एकदाही आमच्याकडे मान वळवली नाही. वीस वर्षांतलं हे माझं सगळ्यात चांगलं दर्शन, आणि सगळ्यात लांबचं.

त्याच दिवशी परतताना गाईड मुलगा म्हणाला, "काकू, मले द्या न जरा." सुकलेल्या झाडावर सर्पगरुड बसला होता. त्याला दुर्बीण दिली, दोन डोळ्यांमधलं अंतर जुळवून दिलं. तो गप्प. मग म्हणाला, "डोळे पिवळे आहेत न त्याचे! मी आवाजावरून सांगतो सगळ्यायले, पण डोळा आजच पाहिला." जवळच्याच गावचा मुलगा, सांबराच्या धोक्याच्या एका कॉलवरून जनावर कुठल्या नाल्यात आहे ते सांगणारा, आणि त्याच्या गळ्यात दुर्बीण नाही. पर्यटकाच्या गळ्यात लाखाचा कॅमेरा असतो. हे मला अजून बोचतं. तेव्हापासून प्रत्येक सफारीत अर्धा वेळ दुर्बीण गाईडकडे असते, आणि खरं सांगते, त्यामुळे मलाच जास्त दिसतं.

बुद्धपौर्णिमेला, १२ मे २०२५ च्या रात्री, मचाणावर बसले. बेचाळीसचा खरा उपयोग तिथे कळला. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, आणि माझ्या वयात अंधारात बाहुली साधारण तेवढीच उघडते. दहापटीत तो सव्वाचारच्या आत राहतो. चांदण्यात सांबराची शिंगं वेगळी दिसली. दोनच्या सुमाराला एक अस्वल आलं, काळ्यात काळं, ते नुसत्या डोळ्यांना फक्त हलणारी सावली होतं. दुर्बिणीत छातीवरचा पांढरा पट्टा दिसला. वाघ आला नाही. सकाळी मचाणावरून उतरताना मला त्याची आठवणही झाली नाही.

दोष आहेत. वजन पाऊण किलोच्या आसपास. गळ्यातला पट्टा अर्ध्या दिवसात मान धरतो. दोन्ही खांद्यांवरून घालायचा पट्टा वेगळा घ्यावा लागला, तो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. मे महिन्यात बंद गाडीत राहिली तर रबर चिकट होतं, डाव्या डोळ्याची कडा आता सैल पडली आहे. दुपारी तोतलाडोहच्या पाण्यावर हवा इतकी थरथरते की मगर आहे की ओंडका, ते कळत नाही, पण ती दुर्बिणीची चूक नाही, ऊन उतरेपर्यंत थांबावंच लागतं. जंगलातली धूळ ओढणीने कधीच पुसू नका. मी एकदा पुसली, भिंगाच्या कडेला बारीक ओरखडा आहे. आधी फुंकणीने उडवायची, मग मऊ ब्रश, मग कापड. पावसाळ्यात नागपूरच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते.

पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, जंगलाचं गाभा क्षेत्र बंद असतं. पण डबा रोज उघडतोच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या सरीनंतर, गोरेवाड्याच्या पायवाटेवर दोन सुरांची शीळ ऐकू आली. नवरंग. दरवर्षी ऐकते. या वर्षी पालापाचोळ्यात उड्या मारताना सापडला. पोटाखालचा लाल, खांद्यावरचा निळा, डोळ्यावरचा काळा पट्टा. त्याने एक गांडूळ ओढून काढलं, ते तुटू नये म्हणून जरा थांबला, मग पुन्हा ओढलं. मी पंधरा पावलांवर होते आणि त्याला माहीत नव्हतं.