सोलापुरी चादर घ्यायची तर थेट विणकरांच्या सोसायटीतून घ्या

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या सहकारी सोसायटीच्या दुकानातून मागच्या आठवड्यात दोन चादरी आन् चार टॉवेल घेतले. चादर एक नंबर, जॅकार्डवरची (विणतानाच नक्षी काढणाऱ्या मागावरची), वजनदार, दोन्ही बाजूनी डिझाईन, दोनदा धुतली तरी रंग जरा पण गेला नाही. सोलापुरी चादरीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) का आहे ते हातात घेतल्यावर कळतं. एका टॉवेलची किनार मात्र उसवली होती. परत घेऊन गेलो तर काउंटरवरच्या मावशी स्वतः विणकर निघाल्या, त्यांनी लगेच दुसरा दिला आन् म्हणल्या, "सोमवारच्या मीटिंगला हा टॉवेल दाखवते, कुठल्या मागाचा आहे बघतो आम्ही." मला हेच लई आवडलं! सहकार कायद्यात शेअर कितीही असू देत, एका सभासदाला एकच मत, पण ते मत वर्षातनं एकदा सभेत हात वर करण्यापुरतं राहिलं तर काय उपयोग, इथं सूत कुठलं घ्यायचं, पाळ्या कशा लावायच्या हे माग चालवणारेच बसून ठरवतात. स्पेनमधल्या मोंद्रागोनच्या सहकारी कारखान्यांत 1956 पासून कामगारच मालक आहेत, आपल्याकडं पण जमतंय की. यूपीआय चालतं, पार्किंग नाही.