आचारी, आचार्य आणि रायटरसोबतचे ९ महिने

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, दिवाळी अंकाची १४० पानं डोक्यावर असताना माझं वर्ड बंद पडलं. म्हणजे फाइल उघडत होती, वाचता येत होती, पण एक काना बदलू देत नव्हती. वरच्या पट्टीवर 'अनलायसन्स्ड प्रॉडक्ट'.

हे वर्ड मी तीन वर्षांपूर्वी एका संगणकवाल्याकडून १,२०० रुपयांत 'लाइफटाइम' म्हणून घेतलं होतं. पावती मागितली तेव्हा तो म्हणाला होता, "पावती हवी तर जीएसटी लागेल." तिथेच मला समजायला हवं होतं. पण १८ टक्के वाचतात म्हटल्यावर नारायण पेठेतला माणूस पुढचं ऐकत नाही. भर पावसात त्याच्याकडे गेले, तर उत्तर काय? "मॅडम, लाइफटाइम म्हणजे सॉफ्टवेअरचं लाइफ. ते संपलं." नवीन 'की'चे १,५०० सांगितले. मी छत्री उचलली आणि निघाले.

त्या रात्री लिबरऑफिस उतरवून घेतलं. फुकट, आणि यात 'की' वगैरे भानगडच नाही. २०१० साली ओपनऑफिस या तशाच फुकट संचातून फुटून निघालेला हा प्रकल्प आहे, हे बहुतेकांना माहीत असतंच. मलाही ऐकून माहीत होतं, पण फुकटची वस्तू व्यवसायाला वापरायची नाही असा एक उगाचचा ताठा होता. मी मुद्रितशोधन आणि भाषांतर करते. दिवसाचे सात-आठ तास मराठी मजकुरात जातात, त्यामुळे खालचं सगळं मराठीपुरतं आणि माझ्यापुरतं आहे. तक्ते, पत्रांचे गठ्ठे, मेलमर्ज यातलं मी काही वापरलेलं नाही.

पहिले तीन आठवडे मी रायटरला, म्हणजे लिबरऑफिसमधल्या वर्डच्या भावंडाला, रोज शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या एकाच गोष्टीसाठी होत्या. लांब शब्द टाइप करायला घेतला की तो उरलेला शब्द स्वतःच पुढे मांडतो, आणि एंटर दाबलं की तो गळ्यात मारतो. मला नवा परिच्छेद हवा असायचा आणि हा 'विद्यापीठा' पुढे 'विद्यापीठातल्यांना' करून ठेवायचा. प्रत्ययांच्या भाषेत असली मदत नको. ऑटोकरेक्टच्या पर्यायांत 'वर्ड कम्प्लीशन' नावाचं पान आहे, तिथली खूण काढली आणि घरात शांतता झाली. दुसरं, पर्यायांच्या खिडकीत भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू आहे ना ते बघून घ्यायचं आणि तिथे मराठी निवडायची. मग एकाच स्टाइलमध्ये मराठीला एक टंक (फॉन्ट), इंग्रजीला दुसरा, आणि आकारही वेगवेगळे ठेवता येतात. हे वर्डमध्येही आहे. गूगल डॉक्समध्ये नाही, तिथे दोघांना एकच सदरा.

डॉक्स मी मध्यंतरी महिनाभर वापरलं. तीन लेखक एकाच मजकुरात हात घालणार असतील तर त्याला तोड नाही. टंकलेखन न येणारे एक निवृत्त प्राध्यापक त्यात बोलून मराठी लिहितात आणि चक्क बरं येतं. पण लांबलचक फाइल माझ्या जुन्या लॅपटॉपवर रांगते, आणि आमच्याकडे लाइट गेली की वायफायही जातं. ऑफलाइनची सोय आहे, ती आधी चालू करून ठेवावी लागते, आणि मी ती लाइट गेल्यावर शोधत बसले होते. टंकांच्या बाबतीत मात्र डॉक्सचे आभार. 'टिरो देवनागरी मराठी' मला तिथे भेटला. मराठी वळणाचा ल आणि श, काही खटपट न करता. तो आता मी लॅपटॉपवरच बसवून घेतलाय, त्यामुळे रायटरमध्येही चालतो.

आता मूळ दुखणं.

त्या दिवाळी अंकात जुन्या पुण्यातल्या लग्नाच्या पंगतींवर एक लेख होता. छापखान्यातून पहिलं प्रूफ आलं, त्यात वाक्य होतं: 'आचार्यांनी पहाटे तीनलाच चुली पेटवल्या.' पुढे आचार्यांनी जिलब्या तळायला घेतल्या होत्या, आचार्यांना विड्या लागत होत्या. एका परिच्छेदात सात आचार्य. संपादकांचा फोन आला तेव्हा ते हसत होते, मी नव्हते. पडद्यावर मी स्वतः 'आचाऱ्यांनी' वाचलं होतं, तीनदा.

साहजिकच मी रायटरवर खापर फोडलं. फुकटचं ते फुकटचं, हेही म्हणून झालं. मग भाच्याच्या लॅपटॉपवर, पावतीच्या खऱ्या वर्डमध्ये, तीच फाइल उघडली. तिथेही पडद्यावर आचारीच, आणि तिथून पाठवली तरी छापखान्यात पुन्हा आचार्य.

भानगड अशी आहे. 'आचाऱ्यां'मधला आपला हा आडवा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर (०९३१) आणि त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा र (०९३०), हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. दोन्ही बरोबर, दोन्ही पडद्यावर सारखेच. पण ते अदृश्य चिन्ह वाटेत गळालं की उरतो र आणि हलन्त, आणि त्याचा रीतसर रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात. लेखकाने लेख फोनवर लिहिला होता आणि त्या कळफलकाने दुसरा प्रकार वापरला होता. छापखान्यात पानं लावायला आजही पेजमेकर ७ हे सॉफ्टवेअर आहे, २००१ सालचं. त्याला युनिकोड कळत नाही, म्हणून मजकूर आधी जुन्या टंकात रूपांतरित करतात. त्या रूपांतरात अदृश्य चिन्हं सांडतात. शोध घ्यायला जावं तर तिथेही फजिती: एका प्रकारचा 'करणाऱ्या' शोधला की दुसऱ्या प्रकारचा सापडत नाही, आणि आपल्याला वाटतं सगळे तपासून झाले.

इथे रायटरने मला जिंकलं. बदलण्याच्या खिडकीत 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स'वर (संकेत देऊन शोधायची सोय) खूण करायची. वरच्या चौकटीत र, हलन्त आणि त्या अदृश्य चिन्हाचा संकेतांक, खालच्या चौकटीत ऱ आणि हलन्त. 'सगळे बदला'. संपूर्ण अंकाच्या मजकुरात ४१२ जागा निघाल्या. ४१२! दुसऱ्या प्रुफात आचारी आपापल्या चुलींवर परतले होते. त्या दिवशी मी लिबरऑफिसच्या फाउंडेशनला ५०० रुपये देणगी दिली. घरात कोणाचा विश्वास बसला नाही.

हे इतकं लिहून झाल्यावर एक कबुली द्यायला हवी, कारण गेल्या महिन्यात भाच्याकडे पुन्हा बसले होते. हे काम वर्डमध्येही होतं. शोधाच्या खिडकीतल्या खास चिन्हांच्या यादीत तो जॉइनर आहे, फक्त तिथे त्याचं नाव 'नो-विड्थ नॉन ब्रेक'. मी २० वर्षं वर्ड वापरलं आणि त्या नावाकडे कधी वळून पाहिलं नाही. तेव्हा रायटर श्रेष्ठ आणि वर्ड कनिष्ठ असं मला म्हणता येणार नाही. रायटर फुकट आहे आणि मी त्याच्यावर चिडले म्हणून त्याच्या मेनूंत शिरले, एवढंच.

वर्डची आठवण येत नाही का? येते. प्रकाशकांकडून आलेल्या, समासात चार जणांच्या टिपा असलेल्या फाइली रायटर उघडतो, बदलांच्या खुणाही जपतो, पण चौकटी आणि चित्रं कधीकधी जागा सोडतात. अशा फाइली मी वर्डच्या ब्राउझरमधल्या फुकट आवृत्तीत एकदा बघून घेते आणि मगच परत पाठवते. शुद्धलेखन तपासणीबद्दल बोलायला नको. 'घरापुढच्यांनासुद्धा' या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते, आणि ती मी दुर्लक्षित करायला शिकलेय. ते काम माझं आहे, त्याचेच मला पैसे मिळतात.

छापखान्यातल्या ऑपरेटरला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं, ०९३१ वगैरे आकड्यांसकट. तो म्हणाला, "ताई, आमच्या टंकात या र ला वेगळी की आहे. दाबली की येतो." आणि चहा मागवला. त्या सात आचाऱ्यांच्या दुरुस्तीचे पैसे मात्र त्याने बिलात लावले होते, आणि ते संपादकांनी माझ्या मानधनातून कापले.

यंदाच्या अंकाचा पहिला लेख कालच आला. सह्याद्रीतल्या दऱ्यांवर आहे. फोनवर लिहिलाय म्हणे.