जिम्नीला रुंद टायर: 195, 215 की 235?

मारुतीची पाच दारांची छोटी फोर-बाय-फोर जिम्नी 2023 मध्ये आपल्याकडे आली तेव्हापासून तिच्या मालकांचा पहिला प्रश्न टायरचाच असतो. कंपनीचा 195/80 आर15 टायर (195 मिमी रुंदी, बाजूची उंची तिच्या 80 टक्के, रिम 15 इंची) गाडीखाली बारीक दिसतो, आणि तो एचटी म्हणजे डांबरी रस्त्याच्या नक्षीचा असल्यामुळे चिखलात लवकर हात टेकतो. पण ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं नजरेचं, दुसरं नक्षीचं. रुंदी वाढवून दुसरं बरं होईलच असं नाही.

| | 195/80 आर15 | 215/75 आर15 | 235/75 आर15 |
|---|---|---|---|
| व्यास | 693 मिमी | 704 मिमी | 734 मिमी |
| फरक | – | +1.5% | +5.8% |
| ग्राउंड क्लिअरन्स | – | +5 मिमी | +20 मिमी |
| रिम (जे च्या आधी रुंदी इंचात) | मूळ 5.5जे | मूळ 5.5जे चालते | किमान 6जे, सहसा 7जे |
| कायदा | निर्धास्त | वादाचा | बाहेर |

कायद्याचं आधी बघू, कारण दुकानदार ते शेवटी सांगतो किंवा सांगतच नाही. आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. बेकायदा फेरफाराला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खाजगी गाडीच्या आरसीवर टायरचं माप सहसा छापलेलं नसतं, म्हणून टायर बदलणं म्हणजे फेरफार नव्हे, असा युक्तिवाद 215 वाले करतात. तो टिकेल की नाही हे समोरच्या निरीक्षकावर आणि पुढे कोर्टावर. 235 ला तीही सोय नाही. त्याला रिम बदलावी लागते, चाक मडगार्डबाहेर येतं आणि लांबूनच नजरेत भरतं. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर सर्व्हेअरच्या हातात आयता मुद्दा मिळतो.

माप कुठलंही घ्या, टायरवर आयएसआय खूण हवी आणि लोड इंडेक्स (भाराचा अंक) व स्पीड रेटिंग (वेगाचं अक्षर) मूळ 96एस पेक्षा कमी नको. इथे एक फसगत होते. 235 मधले बरेच एमटी, म्हणजे चिखलाच्या नक्षीचे टायर 104क्यू असतात. भार 900 किलो, म्हणजे मूळ 710 पेक्षा भरपूर जास्त. पण क्यू म्हणजे ताशी 160, आणि मूळ एस 180 चा. गाडी 160 गाठत नाही हे खरं, तरी कागदावर टायर खालच्या दर्जाचाच ठरतो.

आता 215. हे बोलेरोचं माप, त्यामुळे तालुक्याच्या गावीही मिळतं. 195/80 बद्दल असं म्हणता येत नाही. त्यात एटी, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्हींसाठीचा टायर, शोधायला वेळ लागतो. मूळ रिमवर 215 टायर-रिमच्या तांत्रिक मापात बसतो, फक्त रिम अरुंद असल्यामुळे प्रत्यक्ष रुंदी 210 मिमीच्या आसपास भरते, म्हणजे दोन्ही बाजूंना सात-आठ मिमी वाढ. घासत नाही. स्पीडोमीटर मुळात थोडा वाढवून दाखवतो, तिथे दीड टक्का जिरून जातो.

235 मध्ये तो जिरत नाही. मूळ मीटर चार टक्के जास्त दाखवत असेल, तर 100 दिसताना गाडी खरी 101 ते 102 ने धावते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा 100 ची आहे आणि कॅमेरा तुमचा मीटर बघत नाही. शिवाय गिअरिंग जवळपास सहा टक्क्यांनी उंचावतं, म्हणजे त्याच गिअरमध्ये चाकाची ओढ तेवढी कमी होते. 1.5 लिटरच्या 134 न्यूटन-मीटर इंजिनाला ते घाटात जाणवतं. तिसऱ्या गिअरमध्ये चढायची ती गाडी दुसऱ्यात आणावी लागते. ॲव्हरेज पडल्याची जी ओरड होते, तिच्यातला काही भाग मात्र मीटरचा असतो. ओडोमीटर अंतर कमी मोजतो, म्हणून त्याच्या हिशोबाने 14 आलं तर खरं 14.8 धरायचं.

बसवतानाची अडचण ऑफसेटची, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि ती हबला टेकते ती बाजू यांतल्या अंतराची. ते मिमीत मोजतात आणि ईटी लिहितात. मूळ रिम 5.5जे, ईटी +5. तिच्या जागी 7जे ईटी 0 घेतली की टायरची बाहेरची कड 25 मिमी बाहेर येते. ईटी +5 च ठेवला तर 20 बाहेर आणि 20 आत. आतली कड मग स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर रेडियस आर्मला (ॲक्सल चॅसिसला जोडणाऱ्या दांड्याला) घासते, पुढची बंपरच्या कोपऱ्याला. तपासायचं असेल तर टायरच्या खांद्यावर खडू फासा, समोरचं एक चाक वीतभर उंच दगडावर चढवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जिथे घासतं तिथे पांढरा पट्टा उमटतो. सपाट जागी दुकानात केलेल्या तपासणीत हे कधीच दिसत नाही. स्पेसर (हब आणि रिममधली चकती) लावून सुटका करायच्या भानगडीत पडू नका. बेअरिंगवर ताण येतो आणि कायद्याची अडचण आणखी वाढते.

आणि रुंदीने मिळतं काय? पावसाळी सह्याद्रीत वर चिखल आणि खाली मुरूम किंवा कातळ असतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून तळाला टेकतो, रुंद वर तरंगतो. काळ्या मातीत दोन फेऱ्यांत नक्षी भरते आणि टायरचा गुळगुळीत लाडू होतो. तिथे नक्षीच्या ठोकळ्यांमधली जागा मोठी हवी, रुंदी नव्हे. कोकणातला जांभा टायरची बाजू चिरतो, म्हणून साइडवॉल जाड बघायचा. रुंदीचा खरा फायदा वाळूत, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी घालायला बंदीच आहे. तसंही हवा 15-16 पीएसआयवर आणली की टायरचा ठसा लांबीने जेवढा वाढतो, तेवढं काम 40 मिमी रुंदी करत नाही. 12 च्या खाली मात्र जाऊ नका, टायर रिमवरून सुटतो. हवा कमी असताना वेग तिशीच्या आत, आणि डांबरी लागण्याआधी परत भरायची. त्यासाठी बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा कॉम्प्रेसर डिकीत हवा.

आमचं मत 195/80 मधल्या एटीकडे झुकतं. तो शोधूनही मिळाला नाही तर वाद पत्करून 215. 235 फक्त ट्रेलरवरून ट्रॅकला नेणाऱ्या गाडीला.

खर्च धरताना पाच टायर धरा. स्टेपनी जुन्या मापाची ठेवली आणि वाटेत ती लावून 4एच (चारही चाकांना ताकद) टाकलं, तर पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळ्या गतीने फिरायला बघतात आणि त्यांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस आवळली जाते. तेवढ्यापुरतं 2एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) मध्येच चालवा. चाकं बसवल्यावर नट 100 न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने कसा, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. नव्या अलॉयवर ते थोडे ढिले होतातच.