मामाकडचा भाजीपाव (आणि समोरची खुर्ची)

फोंड्याच्या कदंब बसस्टँडमागे एक बिनपाटीचं हॉटेल आहे. सगळे 'मामाकडे' म्हणतात. पातळभाजी पांढऱ्या वाटाण्यांची, वाटणात खोबरं सढळ हाताने, आणि तिखट असं की नाक गळायला लागतं. उंडो, म्हणजे गोव्याचा गोल पाव, गरम मिळाला तर नशीब, उशिरा गेलात तर चिवट. मिरचीभजी कधीही घ्या. दुपारचं ताट बेताचं: हुमणाला (माशाच्या आमटीला) रंग झकास, पण आंबट कमी, सोलकढीत पाणी. बांगडा मात्र कुरकुरीत. सोमवारी मासे नाहीत.

तरी माझे साडेचार तारे, ते टेबलांसाठी. टेबलं चारच, त्यामुळे एकट्याला एकटं बसताच येत नाही. मामा सरळ कुणाच्या तरी समोर नेऊन बसवतो. मी कॉलेजात लेक्चर बेसिसवर शिकवतो. तास तेवढा पगार, स्टाफरूममध्ये हक्काची खुर्ची नाही, आणि सेमिस्टरभर सिलॅबसपलीकडे कुणाशी चकार शब्द बोललो नाही तरी कुणाचं काही अडत नाही. इथे निदान एखाद्या कंडक्टरशी पावसावरून हुज्जत होते.

विषय माझा हायड्रॉलॉजी, म्हणजे पावसापाण्याचं शास्त्र. फळ्यावर युनिट हायड्रोग्राफ (पाऊस पडल्यावर नदीचं पाणी कसं चढतं-उतरतं त्याचा आलेख) काढताना अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला गोळीबार डोक्यात येतोच. १६ एप्रिल २००७. ३२ जण गेले, त्यांत मूळचे तामिळनाडूचे प्रा. लोगनाथन, हाच विषय शिकवत होते, वर्गातच गोळ्या लागल्या. मारणारा तिथलाच विद्यार्थी, कुणात न मिसळणारा. इंग्रजीच्या एका शिक्षिकेने तो वर्गात नको म्हणून सांगितलं होतं. विभागप्रमुख बाईंनी त्याला वेगळं बसवून शिकवलं, समुपदेशकाकडे जा म्हणून त्या मागे लागल्या. कॅम्पस पोलिसांकडे मुलींच्या तक्रारी होत्या. चौकशी समितीला नंतर दिसलं ते हेच, की प्रत्येकाला थोडं थोडं माहीत होतं आणि सगळं एकत्र कुणीच पाहिलं नाही.

यावरून अबोल पोरांवर पाळत ठेवायची टूम कुणी काढली तर मी आडवा येईन. माझ्या पाहण्यातली अबोल पोरं मार खाणारीच जास्त.

गेल्या पावसाळ्यात मामा भजी काढता काढता म्हणाला, "सर, तो चष्म्याचो भुरगो दिसना मरे?" माझ्याच वर्गातला, सांग्याकडचा, कोपऱ्यात बसून बन्स खाणारा. हॉस्टेलवर गेलो तर पोरगा भिंतीकडे तोंड करून पडलेला. ओठ फाटलेला, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. खोलीतल्या दोघांनी बडवलं होतं. कॉलेजातून त्याला आलेला मेसेज एकच: हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली. प्रवेशाच्या वेळी रॅगिंग करणार नाही असं प्रतिज्ञापत्र सगळ्यांनीच भरलेलं असतं, त्या दोघांनीही. पुढे समिती बसली, चहा-बिस्किटं झाली, खोली बदलून मिळाली. त्याला, त्या दोघांना नव्हे. तो आता मामाकडे कंडक्टर लोकांच्या टेबलावर बसतो आणि त्यांना मोबाइलचे रिचार्ज प्लॅन समजावून सांगतो.

अर्धा तारा कापला तो हात धुवायच्या जागेसाठी. तिथे साबण म्हणजे अफवा. पंखा एकच, तोही गल्ल्यावर. बांगडा हवा असेल तर साडेबाराच्या आत जा, आणि सुटे पैसे न्या. पाचशेची नोट दिलीत तर मामा आधी तुमच्याकडे बघतो, मग नोटेकडे.