संकरित टोमॅटोचं पाकीट: एका हंगामापुरतं उत्तम

मुंबईत कुंडीसाठी टोमॅटोचं बी मागितलं की बहुतेक दुकानदार ‘एफ-वन’चं, म्हणजे दोन शुद्ध वाणांच्या संकराच्या पहिल्या पिढीचं, पाकीटच पुढे करतात. एका हंगामासाठी ते जरूर घ्यावं. फक्त पाकिटावर चाचणीची तारीख आणि उगवणशक्तीचा टक्का छापलेला पाहावा. मोठा डबा फोडून बांधलेल्या पुड्या स्वस्त असतात, पण आपल्या दमट हवेत त्यातलं बी लवकर मरतं. दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून ठेवा. आठ दिवसांत सातही फुटल्या नाहीत तर ते पाकीट बाद. रंगीत बियांवर बुरशीनाशक असतं, हात धुवा.

पाऊस सरला की ऑक्टोबरात कोकोपीटमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल पेरावं. पंचवीसेक दिवसांनी चार-पाच पानांचं रोप बारा इंची कुंडीत हलवावं. खिडकीच्या ग्रिलसाठी बुटकं, झुडपी वाणच घ्यावं. रोपं एकसारखी वाढतात, फळंही एकदमच धरतात. इथे संकरित बी पैसे वसूल करतं.

चूक होते ती पुढच्या वर्षी, याच फळांचं बी पेरल्यावर. कुंडीत तीच माती वापरली की मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म जंत) वाढतात. त्यांना रोखणारं प्रभावी जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेलं असतं. मग दुसऱ्या पिढीत चारांतलं सरासरी एक रोप त्याविनाच निघतं आणि नेमकं तेच माना टाकतं. फळांचा आकारही रोपागणिक बदलतो. यात दुकानदाराची फसवणूक नाही, संकराचं गणितच असं आहे.

हेच ‘चारांत एक’ माणसांतही दिसतं. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट आई-बाप दोघांकडून एच प्रतिजनाचं (तांबड्या पेशींवरच्या, ‘ए’ आणि ‘बी’चा पाया असलेल्या घटकाचं) निकामी जनुक आलं तरच होतो; दोघांतही ते लपलेलं असेल तर चार मुलांत सरासरी एकाला, आणि अशा माणसाला ‘ओ’ गटाचं रक्तही चालत नाही. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर दोघांकडे एकाच आजी-आजोबांचं तेच लपलेलं जनुक असण्याची शक्यता वाढते. माणसांत टोमॅटोसारखी शुद्ध वाणं नसतात, त्यामुळे ‘एफ-वन’चा जोम माणसाला जसाच्या तसा लावू नये, नात्याबाहेरच्या लग्नात असे दोष बहुधा झाकले जातात, एवढं मात्र खरं.

म्हणून संकरित पाकिटासोबत एखादं देशी वाणही घ्याच. टोमॅटो स्वपरागी आहे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागांनी फळतं; त्यामुळे देशी वाणाचं बी पुढच्या वर्षीही बहुधा तसंच निघतं, मक्यासारखा पिढ्यान्‌पिढ्या खुरटत नाही. पिकल्या फळाचा गर दोन दिवस आंबवा, बी धुऊन सावलीत वाळवा आणि हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवा.