एक्स्टेंडेड वॉरंटी, जळालेला स्टेटर आणि एक गॅस्केट

मूळ वॉरंटी संपायला आठ दिवस उरले असताना मी बाइकची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली. पटली म्हणून नाही, तर भाऊ म्हणाला, "घेऊन टाक, नंतर रडत बसशील." पुढचं दीड वर्ष प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर मी त्याला फोन करून ऐकवत होतो.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही बरंचसं तेच आहे. कारखान्यातूनच दोष घेऊन आलेला भाग बहुतेक वेळा सुरुवातीलाच मान टाकतो, म्हणजे मूळ वॉरंटीतच. झिजणारे भाग नंतर झिजतात, पण ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, केबल, टायर यांतलं काहीच या वॉरंटीत नसतं. बॅटरीचं खातं वेगळं. थोडक्यात, गाडी सगळ्यात कमी त्रास देते त्या वर्षांचे पैसे आपण आधीच मोजून ठेवायचे.

शिवाय पॅकेजची रक्कम हा खरा खर्च नाहीच. खरा खर्च 'किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते' या ओळीत आहे. वॉरंटी जिवंत ठेवायची तर प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत सेंटरलाच आणि वेळेवर. माझा नेहमीचा मेकॅनिक जे काम निम्म्या पैशात आणि समोर उभं राहून करू देतो, त्यासाठी मी काचेपलीकडे बसून वाट बघायची. गाडी दोन महिने उभी असली तरी तारीख आली की ऑइल बदला. चांगलं मधासारखं ऑइल काढून टाकताना बघवत नाही हो.

मग ३८ हजार किलोमीटरला एका सकाळी सेल्फ मारला, तर नुसतं टक् टक्. मीटर विझून पुन्हा पेटला. ढकलून चालू केली, घरी आणली आणि मल्टिमीटर लावला. गाडी रेस केल्यावर बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. इथे १२.१, आणि कितीही पीळ दिला तरी तेवढेच. गाडी बंद करून स्टेटरचा, म्हणजे इंजिनात वीज तयार करणाऱ्या कॉइलचा, कनेक्टर सोडला. तीन पिवळ्या वायरींपैकी एकीचाही बॉडीशी संबंध लागता कामा नये, पण मल्टिमीटर खणखणीत वाजला. कॉइल जळली होती.

सेंटरवर सुपरवायझरने आधी सीटखाली टॉर्च मारला आणि माझ्या मोबाइल चार्जरची वायर बोटाने उचलली. "ही बाहेरची वायरिंग आहे सर." तो चार्जर मी फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून घेतलेला, मूळ हार्नेसला, म्हणजे कंपनीच्या वायरिंगला, ब्लेडसुद्धा लावलेलं नाही. हे दाखवायला अर्धा तास गेला. (एक्स्ट्रा लाइट लावताना मूळ वायर सोलणाऱ्यांनी हा मजकूर इथेच वाचायचा थांबवून गाडी बघून यावी.) मग सर्व्हिसिंगच्या नोंदी निघाल्या. सगळ्या वेळेत. चौथ्या दिवशी क्लेम मंजूर झाला. स्टेटर फुकट, त्याच्यासोबत रेग्युलेटर-रेक्टिफायर (स्टेटरची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) फुकट, मजुरीही फुकट. खरं सांगतो, मी भावाला फोन केला आणि माफी मागितली.

अर्ध्या तासाने बिल हातात आलं. त्यात बॅटरी होती, ती मान्य. पूर्ण उतरून मेलेली, तिची मुदतही संपलेली. इंजिन ऑइल, तेही ठीक, कव्हर उघडताना काढावं लागतं. पण खाली एक ओळ होती: मॅग्नेटो कव्हर गॅस्केट, एक नग. म्हणजे स्टेटरवरच्या झाकणाच्या सांध्यातून तेल गळू न देणारी पातळ चकती.

"हे का?"

"कंझ्युमेबल आहे सर."

अहो, ते झिजलं नव्हतं! ३८ हजार किलोमीटर तेलाचा एक थेंब बाहेर येऊ दिला नाही त्याने. तुम्ही स्टेटर काढायला कव्हर उघडलंत म्हणून ते फाटलं. स्टेटर वॉरंटीत, मग स्टेटरपर्यंत जायचं दार वॉरंटीत कसं नाही? सुपरवायझरने शांतपणे पुस्तिकेतली ओळ दाखवली. ओळ होती. मी वीस मिनिटं भांडलो, ज्या गॅस्केटची किंमत तिथवर जायला लागलेल्या पेट्रोलपेक्षा कमी होती त्याच्यासाठी. पैसे भरले आणि जुनं गॅस्केट मागून घेतलं.

घरी येऊन वहीत हिशेब मांडला. वाचलेलं बिल पॅकेजच्या साधारण दीडपट. त्यातून अधिकृत सर्व्हिसिंगला गेलेला जादा पैसा वजा केला, तर जवळपास बरोबरी. साधी एअर-कूल्ड गाडी आणि विश्वासू मेकॅनिक असेल तर मी आजही म्हणेन, तेवढी रक्कम बाजूला ठेवा. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), एबीएस मॉड्यूल, डिस्प्ले असा महागडा पसारा असेल, किंवा गाडी वॉरंटीतच विकायची असेल आणि वॉरंटी पुढच्या मालकाच्या नावावर होत असेल, तर घ्या. मात्र तारखा पाळायचा आळस असेल तर अजिबात नको.

माझ्या पुढच्या सर्व्हिसिंगला अजून चौदाशे किलोमीटर बाकी आहेत, पण महिने गुरुवारी भरतात. बुधवारची वेळ घेतली आहे.